सुपभर कोंड्याचं नाव

कोंडी या शब्दाचा अर्थ मला पहिल्यांदा एका पत्रकात सापडला, आणि तो चुकीचा होता.

तेव्हा मी सेलूला मामाकडे राहून शिकत होतो. मामा जिनिंगमध्ये सरकी ओढायचा. मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, सगळं शिक्षण उर्दूतून. मराठी वाचायला मिळायची ती त्याच्याविरुद्धच्या चोरट्या पत्रकांतून. राज्याच्या हद्दीपलीकडून कापसाच्या गाड्यांबरोबर ती यायची. पातळ कागद, बोटांना लागणारी शाई. मामाच्या खोलीतली माणसं ती वाचायची आणि लगेच चुलीत घालायची. चुलीत जाण्याआधी मी पाठ करायचो. माझी मराठी तिथली आहे. माझा रागही तिथलाच, असं गावातले लोक म्हणतात. ते खोटं आहे. राग मी घरून नेला होता.

एका पत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘जनतेची कोंडी’. मी तिथंच अडकलो. कोंडी हे माझ्या थोरल्या बहिणीचं नाव. घरात आम्ही तिला अक्का म्हणायचो, पण गावाच्या तोंडी कोंडीच. पुढच्या ओळींवरून मला कळलं की चारी बाजूंनी वाट बंद होणं म्हणजे कोंडी. असलं नाव कोण कशाला ठेवील? मदरशातल्या मौलवीसाहेबांनी एकदा घरात कोण कोण आहे म्हणून विचारलं, तेव्हा तिचं नाव ऐकून ते म्हणाले होते, “कुंडी? दरवाजे की कुंडी?” आणि सगळा वर्ग हसला होता. म्हणजे एक अर्थ दाराची कडी, दुसरा वेढा. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे दोन्ही अर्थ घेऊन मी गावी गेलो. मोठं काहीतरी शोधून काढलं असं मला वाटत होतं.

माय शेळीचं दूध काढत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काय बी वाचतूस बाप्पा. कोंडा, रं, कोंडा. पिठाचा. कोंड्यात इकली म्हणून कोंडी.”

“इकली?”

“मंग काय फुकट देली?”

हे ती इतक्या सहज बोलली की मला आधी थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. अक्काच्या आधी मायला झालेली सगळी लेकरं गेली होती. कोणी तोंडाला छाती लावायच्या आधी, कोणी रांगायला लागल्यावर. मग अक्का झाली तेव्हा बायकांनी ठरवलं की ही आपली आहे असं मरणाला कळू द्यायचं नाही. सुपात घालून तिला गावच्या उकिरड्यावर नेलं, आणि माय मागं न बघता निघून आली. असं टाकलेलं लेकरू ज्या बाईची सगळी पोरं जगलीत तिनं उचलायचं, असा रिवाज. आमच्या गावात तशी बाई एकच, पाटलीण. तिनं अक्काला उचललं, मायच्या सुपात किंमत म्हणून आपल्या घरचा कोंडा घातला, आणि लेकरू परत मायच्या मांडीवर आणून ठेवलं. ठेवताना म्हणाली, “ही माझी लेक. तुझ्याकडं ठिवते. दूध पाज.” तेव्हापासून माय स्वतःच्या लेकीची दाई झाली. दात आले, जावळ काढलं की सुपभर कोंडा परत देऊन लेकरू सोडवून आणायचं असतं. मायनं ते केलं नाही. अक्का जगली होती. जगलेल्या लेकराला परत आपलं म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

त्या सुट्टीत मी गावातल्या नावांच्या मागंच लागलो. दिसेल त्याला विचारायचो, तुझं नाव असं का? लोकांना वाटलं, पोरगं शिकून बिघडलं. वेशीजवळच्या पिंपळावर मुंजा राहतो म्हणून दर चौथ्या घरात एक मुंजाजी. सटवाईला नवस केला म्हणून सटवाजी. झरीच्या वाटेवर लिंबाखाली पीर आहे, त्याच्या नावाचे पिराजी, ते सगळे हिंदूंच्या घरांतले. पीर कुणाचा हे कुणी विचारलं नव्हतं. ही देवा-पिरांची नावं मला चालत होती. त्यांच्या पलीकडे दुसरी होती. दगडू. धोंडी. केरबा. उकंडा म्हणजे सरळ उकिरडाच. या प्रत्येकाच्या आधी त्याच्या घरात मरणं झाली होती. मरण आमच्या घरांत इतक्या सवयीनं येतं की त्याला चकवायला आम्ही लेकरांना कचरा म्हणतो, आणि मग जन्मभर तो कचरा हाक मारली की ओ देतो.

एकच नाव मला आवडलं. धनगरवाड्याच्या टोकाला एकाचा पोरगा होता, नाव जमादार. पोरगा झाला त्याच दिवशी पोलिसाच्या जमादारानं बापाला मुक्कामाला कोंबडी आणली नाही म्हणून चाबकानं फोडलं होतं. मी विचारलं तेव्हा बाप अंगणातच बसला होता. मला उत्तर द्यायच्या आधी त्यानं घरात हाक मारली, “अय जमादार! लेका, शेण कोण काढंल, तुझा बाप?” आणि मला म्हणाला, “दिसातून धा येळा शिव्या देतो बग. लय बरं वाटतं.”

मी हसलो खरा. पण घरी येताना डोक्यात तेच घोळत होतं. त्या माणसानं नावातून सूड तरी घेतला. माझ्या मायनं नावातून लेक देऊन टाकली. आणि अक्काच्या पाठीवर मी झालो तेव्हा मरणाचा फेरा तुटला असं मानून मला मात्र देवाचं नाव ठेवलं. शाळेलाही मलाच धाडलं. तिला कोंडा, मला देव.

आता खरी गोष्ट सांगतो. पाटलाच्या घरानं तो सौदा खरा मानला होता.

अक्का आठ-नऊ वर्षांची झाली तेव्हा पाटलिणीनं सांगावा धाडला, लेकीला जरा दाळ निवडायला धाड. मग धान्य पाखडायला. मग जात्यावर. पाटलाचं कुटुंब मोठं, वर गडी-माणसं, दौऱ्यावर आलेले अंमलदार, त्यांचे शिपाई. या सगळ्यांचं दळण अक्का दळत होती. पहाटे जायची, उन्हं वर आल्यावर पिठानं पांढरी होऊन यायची. तळहात बैलाच्या खांद्यासारखे झाले होते. मोबदला म्हणून मागल्या दाराशी भाकरी, आणि दिवाळीला पाटलिणीचं जुनं लुगडं. गावात कुणी याला वेठ म्हणत नव्हतं. विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, “आली गं आली पाटलाची लेक! सरका, गादी घाला तिला!” आणि अक्का म्हणायची, “गादी नको, घागर तेवडी भरून द्या.”

तिचं लग्न लहानपणीच झालं होतं. दाजी पूर्णेला रेल्वेच्या गँगेत लागले होते, आणि त्यांना स्टेशनामागच्या चाळीत खोली मिळाली होती. दोन सुग्या ते तिला न्यायला येत होते आणि हात हलवत परत जात होते. पाटील म्हणायचा, सुगी होऊ दे. सुगी झाली की संक्रांत होऊ दे. त्या उन्हाळ्यात दाजी आले ते अक्काच्या सासऱ्याचा निरोप घेऊन. अक्षयतृतीयेच्या आत सून आली नाही तर दुसरी बघू.

बा, दाजी आणि मी पाटलाच्या ओसरीपुढे जाऊन उभे राहिलो. ओसरीवर चढायची आमची पद्धत नव्हती.

दाजी हात जोडून म्हणाले, “मालक, खोली मिळालीय. नांदायला नेतो म्हन्तो.”

“ने की. कोण अडवायलंय?” पाटील अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. “दळायला दुसरी बाई मिळू दे, मंग ने.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “ही वेठ आहे. वेठ घेणं गुन्हा आहे.” हे वाक्य पत्रकातलं होतं, जसंच्या तसं.

पाटलाला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हसला. “वेठ परक्याकडून घेत्यात, लेकरा. ही आमची लेक हाय. इचार तुझ्या मायला. उकंड्यावरून कुणी उचलली? घरच्या लेकीला कुणी मजुरी देतं का?”

“लेक आहे तर मागल्या दाराशी का जेवते?”

“लय शिकलास रं! सेलूला जिनात आता हेच शिकवत्यात का?”

बानं माझी बाही ओढली. “गप. मालकांपुढं असं बोलायलास?”

तेवढ्यात आतून पाटलीण आली. तिच्या बोलण्याला कधीच धार नसायची, आणि म्हणूनच मला तिची जास्त चीड यायची. “मी का अडवू, बाबा? मी तर जीव देलाय तिला. परत घ्यायची असंल तर घ्या. सुपभर कोंडा, दुसरं काय? तिच्या मायलाच इचारा, घेती का म्हणून.”

माय घेणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचं सगळं बळ एवढ्याच ठाऊक असण्यात होतं. दाराला कडी नव्हती, पायात बेडी नव्हती, निजामाचा कुठला हुकूम नव्हता. एका बाईची भीती होती, आणि त्या भीतीवर पाटलाच्या घराचं जातं फिरत होतं. पत्रकांत जुलूम नेहमी हैदराबादेहून यायचा, घोड्यावर बसून, उर्दू बोलत. आमच्या गावात तो मऊ मराठीत बोलत होता आणि मुलीला लेक म्हणत होता.

घरी येऊन मी मायला म्हणालो, “सुपभर कोंडा दे आणि मोकळी कर तिला.”

“न्हाई.”

“का न्हाई?”

“परत घेतली की आपली झाली. तिच्या आधीची सगळी आपलीच व्हती. कुठं हायती?”

मी तिला समजावलं. पाटलिणीची पोरं काही पायगुणानं जगली नाहीत. त्यांना दुधाच्या दोन म्हशी होत्या, कोरडं घर होतं, ताप आला की परभणीहून डॉक्टर आणायला गाडी होती. आमची लेकरं ओलीत झोपली आणि मेली. यात सटवाईचा काय संबंध? मी पुष्कळ बोललो, आणि सगळं खरं बोललो. माय ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तुझ्या कागदानं माझं एक तरी लेकरू वाचलं का? कोंड्यानं वाचलं.”

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण शेळ्या दावणीला बिथरल्या. अक्का दारात उभी होती. पाटलाकडून नुकतीच आली होती, पापण्यांवर पीठ. “भांडा दोघं,” ती म्हणाली. “दळण काय, माझं मी दळते.”

मला वाटलं, तिनंही मान टाकली.

दुसऱ्या दिवशी ती पाटलाकडे गेली नाही. आमच्याच घरातल्या जात्यावर बसली आणि आमची ज्वारी दळली. माय विचारत राहिली, “अगं, तिकडं जायचं न्हाई का?” अक्का ओव्या म्हणत राहिली. पीठ चाळलं, चाळणीतला कोंडा सुपात काढला, कमी वाटला म्हणून आणखी दळलं. सूप भरल्यावर उठली, डोक्यावर पदर घेतला. तेव्हा मायला कळलं. तिनं दार अडवलं.

“मी मरंन म्हणून भितीस ना?” अक्का म्हणाली. “मरायची असंन तर पूर्णेला जाऊन मरंन. सर.”

माय सरली नाही. अक्का सूप सांभाळत तिच्या काखेखालून वाकून निघाली. त्या वेळी मला हसू आलं होतं, कारण दोघींनाही कोंडा सांडू द्यायचा नव्हता.

ती मागच्या बोळानं गेली नाही. मधल्या रस्त्यानं, विहिरीवरून गेली. बायकांनी घागरी ठेवल्या आणि मागं मागं आल्या. पाटलाच्या पुढल्या दाराशी ती थांबली आणि हाक मारली. पाटलीण बाहेर आली, सूप बघितलं, आणि तिचा चेहरा मी प्रथमच बिनहसरा बघितला.

“पाटलीनबाई,” अक्का म्हणाली, “मी लेक असंन तर माझी वटी भरा अन् माझ्या माणसासंगं सासरी धाडा. लेक नसंन तर मग मी माल हाय. मालाचा कोंडा आणलाय, घ्या.”

“अगं बया, मी मस्करीत म्हन्त व्हते.”

“कोंडाबी मस्करीतच आणलाय. घ्या.”

विहिरीवरच्या बायकांतली एक फिस्सकन हसली. पाटील ओसरीवर होता. त्यानं सुपारी कातरायची थांबवली. पाटलिणीनं वटी भरली नाही. हातही पुढं केला नाही. मग अक्कानं ओसरीच्या पायरीवर सूप पालथं केलं, कोंडा निघावा म्हणून पाठीवर दोनदा थापटलं, आणि रिकामं सूप काखेत मारून परत फिरली. सूप आमचं होतं.

त्याच दिवशी ती दाजींबरोबर निघाली. माय वेशीपर्यंतही आली नाही.

स्टेशनापर्यंत मी सोबत गेलो. वाटेत मी तिला म्हणालो, पूर्णेला तुला कोणी ओळखत नाही, नवं नाव सांग. मी नाव ठरवूनही ठेवलं होतं, पत्रकांच्या भाषेतलं, स्वातंत्र्याच्या अर्थाचं, चांगलं तीन अक्षरी. तिनं ते एकदा तोंडात घोळवलं. “ही कोण गं बाई? कुणी हाक मारली तर मीच मागं बगंन, कोण आलंय म्हणून.” दाजी हसले. मग तीच म्हणाली, “मायनं भिऊन ठेवलं. तू रागात ठेवायलास. ऱ्हाऊ दे. हे आता सवयीचं झालंय.”

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. अपमान सवयीचा झाला म्हणून तो नाव होत नाही. आम्ही स्टेशन येईपर्यंत भांडलो आणि गाडी आली तेव्हा बोलत नव्हतो.

पाटलानं आमचा हिशेब चुकता केला. आमच्या मेंढरांना गायरानात यायची बंदी झाली. बा कळप घेऊन पार झरीच्या शिवारापर्यंत जायचा, आणि पावसाळाभर माझ्याशी बोलला नाही. मायची तऱ्हा वेगळी. पूर्णेकडून कोणी आलं की त्याला गाठायची आणि विचारायची, “हाय का?” सुखी आहे का, बरी आहे का, असं काही नाही. हाय का? ‘हाय’ म्हटलं की मान हलवून कामाला लागायची. इतकं जपून ठेवलेलं लेकरू आता उघड्यावर तिचं स्वतःचं झालं होतं.

पुढं मोगलाई संपली. फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि सेलूला आम्ही रस्त्यांवर नाचलो. सुट्टीला गावी आलो तर पाटील पांढरी टोपी घालून वेशीत झेंड्याला सलाम ठोकत होता. त्याच्या जात्यावर दुसरी मुलगी बसली होती, केरबाची धाकटी. सुपात घेतली होती का म्हणून मी विचारलं. ‘न्हाई, हिला तशीच घेतली,’ असं सांगून केरबा खाली बघायला लागला. मी तिथं त्याला, पाटलाला, टोपीला, सगळ्यांना जे बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. मुलगी दळतच होती.

त्याच दिवसांत अक्काला मुलगी झाल्याचं कळलं. मायनं तिच्यासाठी डिंकाचे लाडू केले, आणि मी मायला घेऊन पूर्णेला गेलो. गाडीत तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, बाळंतविडा असेल. चाळीत पोचल्यावर तिनं फडकं सोडलं. सूप होतं, आणि पुरचुंडीत कोंडा.

अक्का बाजेवर बसली होती, लेकरू कुशीत. माय अजून पाणीही प्यायली नव्हती. म्हणाली, “शेजारणीची सगळी लेकरं हायती ना गं? मी येतायेताच इचारलं. ती उचलती म्हन्ते. पुरचुंडी तिच्याकडं ठिवते, ती आपल्याला देईल.” म्हणजे आपलाच कोंडा तिनं आपल्याला द्यायचा. मायनं रस्ताभर हे ठरवलं होतं.

मी तोंड उघडणार, तोच अक्कानं हात पुढं केला. “आण इकडं.”

मायला वाटलं, मानली. तिनं पुरचुंडी दिली. अक्कानं ती सोडली, कोंडा सुपात ओतला, बाजेवरून हळूच उठली आणि दारात गेली. दारात शेळी बांधलेली होती. तिच्यापुढं सूप ठेवलं. शेळीनं एकदा नाक फुसफुसवलं, आणि खायला लागली.

“अगं, काय केलंस!” माय कपाळावर हात मारून खालीच बसली. “आता काय म्हणावं लेकराला? कुणाची म्हणावं?”

“माझी म्हण,” अक्का म्हणाली. बाजेवर परत बसली, लेकराला घेतलं, आणि नाव सांगितलं. मायला नाही, मलाही नाही. लेकरालाच सांगितलं, दोनदा.

माझ्याकडं तेव्हाही एक नाव तयार होतं. मी ते काढलं नाही.

तिनं ठेवलेलं नाव मी इथं लिहीत नाही. ते तिचं आहे. साधं आहे. नवस नाही, मरण नाही, सूड नाही, घोषणाही नाही. त्याचा अर्थ कुणी विचारला तर सांगण्यासारखी गोष्ट त्यामागं नाही. माय मात्र सगळा दिवस त्या लेकराला “अगं ए” म्हणूनच हाक मारत होती. निघताना गाडीत बसल्यावर तिनं खिडकीतून तोंड काढलं आणि लेकरू घेऊन फलाटावर आलेल्या अक्काला ओरडून विचारलं, “दूध पुरतंय ना गं? तिला, त्या...” आणि मग, पहिल्यांदा, ते नाव घेतलं, आणि लगेच पदर तोंडाशी धरला, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून फलाटावर बघत राहिली.